भिंतीवरचं गवत

दुदाश एतेल्का काच भरायला बसली की स्वतःचा श्वास तर धरायचीच, शेजारी कुणी उभं असलं तर त्यालाही धरायला लावायची. "फुसफुसू नगंस," म्हणायची, "रेघ मोडंल." माझ्या श्वासानं रेघ मोडत नाही हे मला ठाऊक होतं. काचा मीच कापायचो. तरी तिच्या टेबलाशी गेलं की माणूस गुमान तोंड मिटून उभा राहायचा. चर्चमध्येसुद्धा मी एवढा गप्प कधी बसलेलो नाही.

सेगेद शहरातल्या रसायनशाळेत तळमजल्याला, जिन्याच्या पोटात माझं काचकामाचं वर्कशॉप. समोर, बोळाच्या पलीकडं, तिची खोली. रस्त्यावरून ट्राम गेली की वरच्या मजल्यांवर टेबलं हलतात, म्हणून भरणीचं काम खाली आणलेलं. त्या मजल्यावर माणसं अशी आम्ही दोघंच. बाकी कोठारं, रिकाम्या बाटल्या आणि एक बंद पडलेली लिफ्ट. दोघंही वस्तीवरचे. ती रोस्के गावाच्या पलीकडची, सरहद्दीला टेकून. मी अलीकडचा, दोन कोसांवरचा. वरची शिकलेली माणसं आमच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. एतेल्कानं चाळीस वर्षांत आपलं बोलणं तसूभर बदललं नाही, आणि तिला बघून मीही नाही. म्हणायची, "आपुन त्येंचं बोलनं समजून घेतो का न्हाई? मग त्येंनी आपलं घ्यावं की. शिकल्याली हाईत न्हवं?"

तिचं काम सांगायला गेलं तर दोन ओळींचं. वहीएवढ्या दोन काचा, मध्ये कडेनं रबराची पट्टी, आणि फट अर्ध्या मिलिमीटरची. अशी जोडी उभी करायची. खालच्या अर्ध्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी, वरच्या अर्ध्यात ॲसिडचं. कॉस्टिक जड, ॲसिड हलकं. जड खाली, हलकं वर, म्हणजे दुधावर साय बसते तसं ते बसून राहायला पाहिजे. पण ही दोघं शेजारी गप्प बसणारी नव्हेत. जिथं गाठ पडते तिथं दोघंही संपतात आणि मीठ होतं. त्यातून ॲसिडचे पाय चपळ, कॉस्टिकचे मंद. रेघेला लागून असलेलं ॲसिड भराभरा खाली पळतं, आणि तिथं मागं पातळ, हलकं पाणी उरतं. हलकं खाली आणि त्याच्या डोक्यावर दाट ॲसिड, हे किती वेळ निभणार? मिनिटाभरात त्या रेघेतून बोटं फुटतात आणि वर चढायला लागतात, गव्हाचे कोंब यावेत तशी ओळीनं. कुणी ढवळलेलं नसतं, कुणी खालून तापवलेलं नसतं. आपापलंच सगळं.

ते दिसावं म्हणून पाण्यात रंग घालायचा. एकच रंग, पण ॲसिडमध्ये पिवळा, कॉस्टिकमध्ये निळा. मग पिवळ्या-निळ्याच्या मधली रेघ, आणि रेघेतून फुटणारी बोटं, सगळं डोळ्याला धडधडीत दिसतं.

ही रेघ भरताना हात जरा गचकला की सगळं गढूळ. सात वर्षांपूर्वी होलोशीबाई या लॅबच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका दिवसात बारा काचा नासवल्या. तेराव्या वेळी बाटल्या धुणारी बाई मागून म्हणाली, "आना हिकडं." ती एतेल्का. हात पुसले, सिरिंजची सुई काचेच्या कडेला टेकवली आणि ॲसिड असं सोडलं की कॉस्टिकला पत्ताच लागू नये. लहानपणी तिनं पॅप्रिकाच्या माळा ओवलेल्या. सहाव्या वर्षापासून, दर सप्टेंबरला, देठातनं सुई घालून, मिरची फाटू न देता. तो हात इथं कामाला आला. त्या दिवसापासून ती तळघरातल्या धुणावळीतून वर आली आणि टेबल तिचं झालं.

टेबलाखेरीज तिचं असं फार काही नव्हतं. नवरा, फेरी, रेल्वेत होता. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा दोन महिन्यांच्या कामावर देब्रेत्सेनला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. नदीपलीकडच्या सिमेंटच्या चाळीत सातव्या मजल्यावर एक खोली, खिडकीत जिरेनियमची कुंडी. सकाळी साताला कामावर हजर. साडेसातच्या ट्रामनं आली असती तरी चाललं असतं, पण म्हणायची, "घरी बसून तरी काय करू? कुंडी काय मला सोडायची न्हाई, आन् म्या तिला."

साताला येऊन, भांडी-काचा लावून झाल्या की साडेआठच्या सुमाराला ती एक काम करायची, जे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. रंग महाग नव्हता, पण वाया घालवायचा तिच्या जिवावर यायचं. म्हणून काच गळते का बघायला ती पहिली भरणी बिनरंगाची करायची. साधं ॲसिड, साधं कॉस्टिक, दोन्ही पाण्यासारखी. गळली नाही तर ओतून टाकायचं, धुवायचं, आणि अकरा वाजता बाई खाली आल्या की रंगाची भरणी करायची. सात वर्षं रोज ही आंधळी भरणी. ती कोण बघणार? पाण्यासारखं पाणी.

बाईंच्या फोटोंत बोटं वर जायची तशी रेघेच्या खालीही उतरायची. वर लांब, खाली आखूड. या खालच्या बोटांवर बाईंनी बरंच लिहून छापलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात परदेशातल्या एका मंडळीचं पत्र आलं. ते लोक काच भरत नाहीत, कॉम्प्युटरवर गणित मांडतात. तेच ॲसिड, तेच कॉस्टिक, तीच फट. त्यांच्या गणितात बोटं फक्त वर जात होती, खाली एकही नाही. पत्र फार गोड होतं. शेवटी एवढंच विचारलेलं की तुमची रेघ भरताना हलत तर नाही ना?

होलोशीबाई माझ्या वर्कशॉपात उतरल्या. चाळिशीच्या आतली बाई, लांब ढांगा टाकणारी. माणूस वाईट नव्हे, पण सदा घाईचं.

"बालिंतकाका, काचेची फट सगळीकडे सारखी असते ना?"

"मापून बघा की." मी मापाची पट्टी त्यांच्यापुढं टाकली. "बावीस वर्षं कापतोय."

"मी आरोप करत नाहीये."

"मग कशाला उतरलात? कॉफी तर वर बी मिळती."

त्या हसल्या नाहीत. "पाणी मी स्वतः मोजलंय. काच तुम्ही म्हणता बरोबर आहे. मग उरलं काय?"

जीभ घसरली असं मी म्हणणार नाही. मला माझी काच वाचवायची होती. मी म्हणालो, "एतेल्काचा कप ऐकलाय का कधी? बशीवर वाजतो."

हे खोटं नव्हतं. पाच फेब्रुवारीला तिच्या नावाचा दिवस. आमच्याकडं कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस नेमलेला असतो, आणि ज्याच्या नावाचा दिवस त्यानंच कामावर खायला आणायचं. तिनं डुकराच्या चरबीतले पोगाचे, म्हणजे खारे छोटे पाव, भाजून आणले होते, बोळात टेबल मांडलं होतं. वरून दहा-अकरा जण उतरले, पोगाचे उचलले, आपापसात बोलत उभे राहिले. तिला शुभेच्छा दोघांनी दिल्या, त्यातला एक मी. ती कॉफीचा कप घेऊन मधोमध उभी होती आणि कप बशीवर कटकट वाजत होता. मी ते बघून ठेवलं होतं.

बाईंनी मान हलवली आणि गेल्या.

गुरुवारी दुपारी समोरच्या खोलीतलं बोलणं मला ऐकू आलं. दार उघडंच होतं.

"एतेल्कामावशी, तीन आठवड्यांनी यंत्र येतंय, सिरिंज ढकलणारं. तोवर भरणी बंद. सोमवारपासून तुम्ही तळघरात, धुणावळीत बसा."

"का म्हून?"

"माणसाचा हात थकतो. यात काही कमीपणा नाही."

"कुनाचा थकला?"

"मावशी, एकोणसाठ वय आहे तुमचं."

"वय मला ठावं हाय. म्या हाताचं इचारतीया."

"रेघ हलते. खाली बोटं येतात ती त्यामुळे. परदेशातले लोकही तेच म्हणतात."

"त्येंनी कवा काच भरली हाय का?"

"मावशी..."

"ती खालची बोटं माझी न्हाईत."

"मग कुणाची?"

"ते ठावं न्हाई. पर बिनरंगाच्या काचंत ती येत न्हाईत."

"बिनरंगाच्या काचेत दिसणार काय?"

"काचंत काय बी न्हाई दिसत. चुन्याच्या भितीवर दिसतं."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मला वर्ग आहे."

"उद्या साडेआठला या. श्येवटचा दिस हाय न्हवं माझा हितं? मग येवढं या."

"बघते."

बाईंच्या ढांगा जिन्यावर वाजल्या. थोड्या वेळानं एतेल्का बोळ ओलांडून माझ्या दारात आली. रोज दहाला ती स्वतःचा कप घेऊन यायची, माझ्याकडची कॉफी घ्यायची, पंधरा मिनिटं बसायची. फार बोलायची नाही. तेवढंच तिचं दिवसातलं कुणाकडं जाणं. आज हातात कप नव्हता.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सकाळच्याला ऊन येतं बघ त्या खिडकीतनं. साडेआठ ते नऊ. बिनरंगाची काच मधी आली का तिची सावली भितीवर पडती. पान्यात साखर इरघळताना कशी वळवळ दिसती? तशी. पाणी पातळ-दाट झालं का उजेड वाकतुया. रेघंतनं गवत उगवताना दिसतं भितीवर. सात वर्सं बघतीया. वर उगवतं. खाली मुळी न्हाईत त्येला."

"मग कधी बोलली का न्हाईस?"

"कुनी इचारलं?" ती स्टुलावर बसली. "मला वाटलं, बाईंना ठावं आसंल. शिकल्याल्या हाईत." मग म्हणाली, "उद्या आभाळ येनार म्हनत्यात. ऊन न्हाई पडलं तर?"

जुन्या व्याख्यानगृहात स्लाइडचा प्रोजेक्टर पडून होता. दिवा चांगला होता. मी म्हणालो, आणतो.

"आन् एकाच मोठ्या काचंतनं तीन जोड्या काप. एक बिनरंगाची, एक निम्म्या रंगाची, एक पुऱ्या रंगाची. म्हंजी काचंवर बोट दावायला नगं कुनी."

मी मान खाली घालून पट्टी हुडकायला लागलो.

"बाईंनी मला बी इचारलं हुतं," ती म्हणाली, "काच वाकडी आसंल का म्हून. म्या म्हनलं, बालिंतची काच? तिच्यावर माशी बी सरळ चालती."

त्या दिवशी मी तीन जोड्या कापल्या तशा उभ्या जन्मात कापल्या नव्हत्या. कडा घासल्या, पुन्हा घासल्या, मापल्या. हाताला काम होतं म्हणून बरं. कपाचं सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण ती मदतीला आली होती, आणि सांगितलं असतं तर मदतीला दुसरं कोण होतं तिला? असं मी मला समजावलं. खरं म्हणजे भ्यालो होतो.

शुक्रवारी तिसा नदीवर शिशाच्या रंगाचं आभाळ. उन्हाचं नाव नाही. मी प्रोजेक्टर मांडला, दिव्याचा झोत काचेच्या स्टँडमधून चुन्याच्या भिंतीवर पडेल असा. एतेल्कानं सुया धुऊन, पाणी भांड्यांत मोजून, सगळं ओळीनं ठेवलं होतं. भरून ठेवता येत नव्हतं, बोटं चार मिनिटांत उगवून पसरतात. बघणारं समोर पाहिजे.

साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. बाहेर ट्राम गेली. ती स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती, डॉक्टरकडं नंबर लावून बसावं तशी.

"येतील," मी म्हणालो.

"न्हाई आल्या तर तू बघ. कुनीतरी बघितलं म्हंजी झालं."

नऊ वाजून दहा मिनिटांनी बाई आल्या. अंगात कोट, हातात फोन. "दहा मिनिटं आहेत, मावशी."

"लई झाली."

ती उठली. प्रोजेक्टरचं बटण दाबायला हात पुढं केला तेव्हा बोटं थरथरत होती. मी बघितलं, बाईंनीही बघितलं. बाईंनी माझ्याकडं एक नजर टाकली, मी भिंतीकडं बघायला लागलो. दिवा लागला, पंखा घुरघुरायला लागला.

मग तिनं सुई घेतली. सुई काचेच्या कडेला टेकली आणि हात थांबला. हात म्हणजे जणू टेबलाचाच एक भाग झाला. कॉस्टिक मध्यावर आलं. दुसरी सुई. "श्वास," ती म्हणाली, आणि मी धरला, आणि फोन हातात घेतलेल्या होलोशीबाईंनीही धरला. ॲसिड थेंबाथेंबानं कडेनं उतरलं आणि पसरलं. काचेत काहीच नव्हतं. आरपार पाणी.

भिंतीवर मात्र एक रेघ उमटली. केसाएवढी, काळी, तिच्या कडेला उजळ धार. अर्धा मिनिट काही नाही. मग रेघ जराशी लहरली आणि तिच्यातून पात्या फुटल्या. काळसर, कडेला उजळ, एकीला खेटून एक. वर, वर. काही शेजारच्या पातीला मिळाल्या, काही मागं राहिल्या. रेघेच्या खाली भिंत कोरी होती.

बाई चार पावलं पुढं गेल्या, भिंतीला नाक लावायला.

"बाजूला व्हा बाई, तुमची सावली पडतीया."

बाई बाजूला झाल्या. सात वर्षांत एतेल्कानं त्यांना असं काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"निम्म्या रंगाची," एतेल्का म्हणाली आणि दुसरी जोडी घेतली. तोच हात, तीच सुई. भिंतीवर वर गवत आलंच, पण आता रेघेच्या खाली बारके दात दिसायला लागले. तिसरी जोडी, पुऱ्या रंगाची. वर गवत, आणि खाली बोटं. फोटोतली, आखूड, ओळखीची.

पंखा घुरघुरत होता. बाईंनी फोन टेबलावर ठेवला.

"पहिली पुन्हा करा. रंग नसलेली."

"हात थकला म्हनाल."

"म्हणूनच. आता थकलेल्या हातानं करा."

एतेल्कानं पहिली जोडी धुतली, पुसली, चौथ्यांदा भरली. कपाळावर घाम होता. रेघ उमटली. गवत वर गेलं. खाली भिंत कोरी.

बाई एतेल्काच्या स्टुलावर बसल्या. बोलल्या त्या आमच्याशी नव्हे, भिंतीशी. "रंग नुसता बघ्या नाहीये. रेघेवर तोही बदलतोय. पिवळ्याचा निळा, निळ्याचा पिवळा. त्यालाही वजन आहे, तोही खाली-वर ओढतोय. दिसावं म्हणून आपण तो घातला, आणि घातला म्हणून वेगळंच दिसलं." मग हसल्या, कसनुसं. "सात वर्षं मी रंगाचे फोटो काढत होते."

"वरची बोटं खरी हाईत," एतेल्का म्हणाली. समजूत घालायच्या सुरात नव्हे, हिशोब नीट असावा म्हणून.

"हो. वरची खरी आहेत." बाई ताडकन उठल्या. आता त्यांना पुन्हा घाई आली होती, पण ही वेगळी घाई. "मला त्यांना लिहायला हवं. आज. मी चुकले हे मीच आधी सांगितलेलं बरं. मावशी, सोमवारी इथेच. यंत्राचं, तळघराचं विसरा. हे सगळं पुन्हा करायचंय, पहिल्यापासून, बिनरंगाचं." दारातून वळून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आणि बालिंतकाका, तुम्ही पण ना! कप वाजतो म्हणालात आणि मी आपली तेच धरून बसले."

जिन्यावर ढांगा वाजल्या. वरचं दार आपटलं.

एतेल्का सुई धूत होती. नळ बंद केला. सुई फडक्यावर ठेवली.

"कंचा कप?"

मी रिकामी जोडी उचलून पुसायला घेतली.

"बालिंत. कंचा कप म्हनलास?"

"फेब्रुवारीतला. तुझ्या नावाच्या दिवसाचा."

ती आठवत राहिली. "त्या दिशी अकरा मानसं हुती बोळात."

"व्हय."

"म्या मधी हुते." तिनं हात पुसले, एकेक बोट. "घरी वाजत न्हाई त्यो कप. म्या ऐकलंया. घरी बशीवर ठिवला का नुस्ता ठक. भवती चार मानसं जमली का मग वाजतुया. ल्हानपनापासनं हाय. आई म्हनायची, एवढं काय भ्यायचं मानसांना." मग जराशानं, "तुझ्याकडं दहाला येती तवा वाजलाय का कवा?"

मी आठवून बघितलं. बावीस वर्षांतली तिच्यासंगतीची सगळी वर्षं आठवून बघितली. माझ्या टेबलावर तो कप कधीच वाजला नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग मला इचारायचं हुतंस."

"काच वाचवायची हुती मला."

"वाचली न्हवं?" तिनं प्रोजेक्टरचा दिवा बंद केला. भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. "जा आता. त्यो डबा नेऊन ठिव जिथला तिथं."

सोमवारी दहाला मी दोन कप काढून ठेवले. कॉफी गार झाली. मंगळवारीही. बुधवारी वर्कशॉपच्या दाराला चिठ्ठी लावलेली दिसली: "सहा जोड्या. फट अर्धी. शुक्रवारपर्यंत. दुदाश." तोवर तिला काचा लागल्या की ती बोळातून ओरडायची, "ए बालिंत, काचा!" आता चिठ्ठी, आणि खाली आडनाव. मी शुक्रवारपर्यंत सहा जोड्या कापल्या, दारात ठेवल्या. ती नसताना ठेवल्या असं नाही. ती होती, पण उठून आली नाही.

मी माफी मागितली. एप्रिलमध्ये, बोळात. ती म्हणाली, "बरं." रागावलेली नव्हती. रागावली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. तिनं नुसतं एक दार लावून घेतलं होतं. फारशी दारं नव्हतीच तिच्याकडं, त्यामुळं ते लागलेलं मला ऐकू आलं.

उन्हाळ्यात बाईंचा नवा लेख छापून आला. आधीचं सगळं दुरुस्त करणारा. शेवटच्या ओळीत बारक्या अक्षरांत एतेल्काचं नाव होतं, आभार म्हणून. बाईंनी तो फळ्यावर टाचला. एतेल्कानं उभ्या उभ्या वाचला, म्हणजे आपलं नाव वाचलं, बाकीचं परक्या भाषेत होतं. संध्याकाळी ती ट्रामकडं निघाली तेव्हा पिशवीत त्याची एक प्रत घडी करून ठेवलेली मी बघितली. सातव्या मजल्यावर नेऊन ती कुणाला दाखवणार होती, ते मला माहीत नाही. कुंडीला दाखवली असेल. विचारायचा हक्क माझा मीच घालवलेला.

सप्टेंबरात, बाजारात पॅप्रिकाच्या माळा टांगायला लागल्या त्या दिवसांत, मी एकदा सकाळी साडेआठला नव्या जोड्या घेऊन तिच्या दाराशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, सरळ, पिवळं, आणि काच त्याच्या वाटेत उभी होती. ती स्टुलावर, पाठ माझ्याकडं. भिंतीवर रेघ उमटली, लहरली, आणि गवत वर निघालं. मी उंबऱ्यातच थांबलो आणि सवयीनं श्वास धरला. चार मिनिटं असतील. पात्या वरपर्यंत गेल्या, एकमेकीत मिसळल्या, फिकट झाल्या आणि भिंत सारखी झाली.

तिनं वळून बघितलं नाही.

"जोड्या मेजावर ठिव," म्हणाली. "आन् दार लावून घे. वारा येतुया."

मी जोड्या ठेवल्या. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.